टोपीवाला वापस येते का नाई

लेडीजचं दार अजूनही हिरवंच हाय. बाकी टॉकीजले का का रंग फासले, समोरून पिवळा, बाजूनं निळा, आता तं अख्ख्या भिंतीवर बियाण्याची जाहिरात चितारली, पण मागच्या गल्लीतलं हे दार कोणाच्या ध्यानातच आलं नसन, थे तसंच राह्यलं. कडीजवळचा रंग उडून आतलं लाकूड दिसते. तिथं आत्याबाईचा हात लागे. आज मी बबीले कडेवर घेऊन त्या दारापुढं उभी होती, अन् फटीतून सरकीचा वास आला.

टॉकीज बंद पडली. घरोघरी व्हिडिओ आले, मंग टॉकीजमधी कोण जाते? आता आत सरकीचे पोते ठेवतात. पण सरकीचा वास तं तवाही होताच, हिंगणघाटात थो कुठं नाई? वाण्याच्या दुकानात हाय, मिलच्या गल्लीत हाय, आमच्या बाबाच्या सदऱ्याले होता. फक्त तवा त्याच्यात मोगऱ्याचा वास मिसळे, अन् पानाचा, अन् कोण्या लेकरानं पायरीवर मुतलं त्याचा, अन् पिच्चर सुरू व्हायच्या आधी पडद्याले ओवाळत त्या उदबत्तीचा. आता नुसती सरकी.

मी काही पिच्चरची आठवण काढाले गेली नव्हती. मले आठवणी काढाले फुरसत कुठं हाय. उद्या सोमवार हाय, अन् उद्या माहे भासरे, म्हणजे यायचे, माह्या नवऱ्याचे, मोठे भाऊ, बबीले नागपूरले घेऊन जाणार हायत. तिथं मुक्या-बहिऱ्या लेकरायची शाळा हाय, तिथंच ठेवून घेतात, दिवाळीले घरी धाडतात. भासऱ्यानं ओळखीनं जागा मिळवली. बबी तीन वर्साची झाली अन् बोलत नाई. रडाले आवाज हाय, बोलाले नाई. डाक्टरनं कानात बॅटरी मारून पाह्यलं, म्हणे कान चांगले हायत, गळा चांगला हाय, बोलन कवातरी, घाबरू नका. घाबरू नका म्हणाले त्याचं का जाते! रात्रंदिवस मी तिच्या तोंडापुढं तोंड नेऊन, आई म्हण, बबी, आई म्हण, आ म्हण, नुसतं आ म्हण, अन् ते माह्याकडं अशी पाह्यते जसं मीच काही चुकीचं म्हणून राह्यली.

पाणी पाह्यजे असलं का ते माहा कान ओढते. भूक लागली का वेणी ओढते. हे नागपूरच्या शाळेतल्या बाईले कोण सांगन? एवढंच मले रात्री छातीवर येऊन बसते, कान अन् वेणी, कान अन् वेणी. यायले सांगतलं तं हे म्हणतात, "पाहू." पाहू म्हणजे झालं.

म्हणून एका दिवसासाठी माहेरी गेलती. आत्याबाईनं बबीले पाह्यलं, मले पाह्यलं, अन् म्हणे, "चाल, लेडीजमधी जाऊ."

"आत्याबाई, तिथं पोते हायत आता."

"पोते तं पोते. चौकीदार माह्या ओळखीचा हाय. तू हो पुढं, मी चाबी घेऊन येतो."

आत्याबाई बोलते तवा 'येतो, जातो' करते माणसावानी. पह्यलेपासून तशीच हाय.

आत्याबाई म्हणजे माह्या बाबाची मोठी बहीण. नवरा लवकर गेला तवापासून आमच्या घरी. लेडीजच्या दारावर तिकीट फाडाची नोकरी होती तिले, हिंगणघाटातली पह्यली बाई असन ते, टॉकीजची नोकरी करणारी. लोकं बोलत. ते म्हणे, "बोला, पण तिकीट काढून बोला." अन् रविवारी सकाळी इंग्रजी पिच्चर लागे, जुना, पट्टे पडलेला, नागपुरात धावून धावून दम लागलेला पिच्चर शेवटी आमच्याकडं येत होता मराले. पुरुषायच्या बाजूनं कॉलेजचे पोट्टे अन् मिलचे बाबू, अन् फळीच्या इकडं आमी. मधात माणसाएवढी लाकडी फळी होती. लेडीज एका कोपऱ्यात, पडद्याच्या एकदम बाजूले, म्हणून आमाले सगळे इंग्रज लांबोडके दिसत. बारीक, उंच, तोंड पपईवानी. मी लग्न होईलोक समजत होती का तिकडचे लोकं असेच असतात.

बाया इंग्रजी पिच्चरले काऊन येत? एक तं रविवारी मिलले सुटी. दुसरं, आत्याबाई सांगे म्हणून. ते मधल्या खुर्चीवर उलटी बसे, पडद्याकडं अर्धी पाठ, बायाकडं तोंड, अन् सांगे. इंग्रजीचं एक अक्षर तिले येत नव्हतं. तिनं सांगतलेलं कवा अडलं नाई.

अन् बाया कापूस घेऊन येत. जिनिंगच्या बाजूले राह्याचं अन् रिकाम्या हातानं बसाचं हे कोणाले जमेच ना. ओच्यात कापसाचा बोळा, अन् अंधारात वाती वळणं सुरू. देवाले लागतातच. हाताले डोळे लागत नाईत, डोळे पडद्यावर, हात मांडीवर, अन् शो सुटला का एकमेकीच्या वाती पाहाच्या. पिच्चर कसा होता हे आमी वातीवरून ठरवत होतो. ढीग वाती झाल्या म्हणजे पिच्चर बेकार, कोणाचा हात थांबलाच नाई. अन् कोणी ओच्यात थोड्याश्याच वाती अन् चुरगाळलेला कापूस घेऊन बाहेर निघाली, कापूस घामानं ओला, तं समजाचं का पिच्चर जबरा होता. वडनेरची एक काकू येत होती, भाजीची टोपली दारापाशी ठेवून आत बसे. तिची वात एका पिच्चरमधी अर्धी वळून हातातच राह्यली, अन् तशीच हातात धरून ते मोटार स्टँडलोक गेली. तेवढा चांगला पिच्चर मंग कवा पाह्यला नाई आमी.

मले आजबी कोणी विचारलं का चांगला पिच्चर कोणता, तं माहं बोट आपोआप अंगठ्यावर फिरते.

पण बाप्पा, त्या इंग्रजी पिच्चरनं आमाले सतावलं किती! आता कोणी म्हणते जुने पिच्चर सोन्यासारखे होते. सोनं का म्हणता! मले विचारा. पह्यली गोष्ट, त्यायच्यात बाई उठसूट बेहोश. तार आली, बेहोश. तार नाई आली, बेहोश. दारात नवरा उभा दिसला, बेहोश. अन् पडते कशी, तं बरोबर सोफ्यावर! आमच्या गल्लीतली एखादी बाई चक्कर येऊन पडली तं चुलीवर पडते, नाई तं पाट्यावर. दुसरं, पोटभर कोणी जेवत नाई. ताट आलं, चमचा हातात घेतला, का आलं कोणी दार वाजवाले, झाला हा उभा. लेडीजमधून आवाज येत, "अबे, खाऊन तं घे!" भुकेल्या बाया पाहून राह्यल्या अन् हे भरलं ताट सोडून चालले. चहा तं कोण्याच बाईनं पुरा पेलेला म्या पाह्यला नाई.

अन् लेकरं. लेकरू होते, एकदा जाळीच्या टोपल्यात दिसते, सगळे वाकून पाह्यतात, मंग थे लेकरू जे गायब होते! पुरा पिच्चर बाई गाऊन घालून जिने उतरते, चढते, नाचते, रडते, अन् लेकरू कुठं हाय? कोणापाशी ठेवलं? कोणी पाजलं त्याले? आत्याबाईले विचारलं तं ते म्हणे, "त्याच्या मावशीपाशी हाय." लग्नानंतर यायले विचारलं तं हे म्हणे, "त्यायच्यात लहानपणीच बोर्डिंगात धाडतात." तवा मी हासली होती. म्हणली, काय निर्दय लोकं हायत वं माय.

एक पांढऱ्या केसाची बाई होती. लय पिच्चरमधी ते येत होती. वय लहान, तोंड पोरीवानी, अन् डोकं पुरं पांढरं. बायायचा जीव तुटे तिच्यासाठी. आत्याबाई म्हणे, "काळजीनं पिकले वं. सासरी जाच हाय तिले." तेव्हापासून ते कुठंही दिसली का बाया हळहळत, आली का वं पांढरी, बिचारी. नाचली तरी हळहळत, नाच बाई, तेवढंच बरं वाटन. अन् मंग एकदा तिचा रंगीत पिच्चर आला. केस पिवळे! हळदीवानी पिवळे! लेडीजमधी जे चूप झालं! मंग एक म्हातारी म्हणे, "आत्या, हिनं तं रंगवले." आत्याबाईनं एक पल लावला नाई, म्हणे, "मेंदी लावली तिनं. सासू मेली ना, आता कोण बोलणार हाय." सगळ्या बाया खूश झाल्या. सासू मेली म्हणून टाळ्या वाजल्या, अन् फळीच्या तिकडं पोट्ट्यायले समजेना का पडद्यावर तं बाई मुकाट्यानं फुलं लावून राह्यली अन् लेडीजमधी टाळ्या कायच्या.

कारण आमच्यासाठी सगळे पिच्चर एकच होते. आज जो टोपीवाला मेला, तो पुढच्या महिन्यात वापस कसा येते? आत्याबाई म्हणे, "मेला नव्हता, बेहोश झालता." टोपीवाला म्हणजे मोठ्या कडेची टोपी, घोडा, कमरेले पट्टा, बोलणं कमी. बायायनं त्याले जवाई करून टाकलं होतं, "जवाई आले वं." जवायानं दुसऱ्या पिच्चरमधी दुसऱ्या बाईचा हात धरला का आत्याबाईले घाम फुटे. "ते त्याची साळी हाय." तिसऱ्यात तिसरीचा धरला. "चुलतसाळी." अन् दोघायचे तोंडं जवळ आले का वरचा ऑपरेटर उजेडापुढं हात धरे, पडद्यावर पाच बोटाची काळी सावली येत होती, अन् आत्याबाई म्हणे, "काई नाई वं, डोळ्यात कचरा गेला तिच्या, फुकून राह्यला." मिलकडून वारा सुटला का आमच्याबी डोळ्यात कापूस जाय, कोणाले शंका आली नाई. मी तं लहान होती, मले वाटे त्यायच्या देशात धूळ लय.

पण सगळ्यात जास्त मले राग कायचा येत होता सांगू? बोलाचा. बोलतात तं किती बोलतात! जेवताना बोलतात, मोटर चालवताना बोलतात, गोळी लागल्यावर पडून पडून बोलतात. अन् खऱ्या बोलाची येळ आली का चूप. गाडीचं स्टेशन, धूर निघून राह्यला, पांढरी खिडकीपाशी उभी, तो खाली उभा, शिट्टी वाजली, आता तरी बोल! नुसते डोळे भरून पाह्यतात. वडनेरची काकू उभी राहून ओरडे, "अवो, बोल ना वं माय! गाडी चालली ना!" गाडी जाय. कोणी बोलले नाई. सगळ्या बाया हात झटकत, "जाऊ दे, मेली मुकी," अन् पुन्हा वाती.

मेली मुकी. मीबी म्हणत होती, सगळ्यायच्या बरोबर.

अन् शेवट. शेवट तं ठरलेला. टोपीवाला सगळे वाईट लोकं मारते, गाव वाचवते, पांढरी दारात उभी, तिचं लेकरू दारात उभं, अन् हा घोड्यावर बसून चालला! काऊन चालला बाप्पा? कोणं काढलं तुले? राह्य ना. भाकर हाय, घर हाय, बाई पाहून राह्यली. नाई. पाठ दाखवली अन् चालला, लहान लहान होत चालला, डोंगरामागं गेला, बाजा वाजला, दिवे लागले. मी दर वेळी रडत होती. दर वेळी. अन् दर वेळी आत्याबाई दिवे लागले तरी खुर्चीवरून उठत नव्हती. आमच्या बाजूचा भोंगा फुटका होता, घोडे दिसत पण टापा ऐकू येत नसत, म्हणून घोड्याचा आवाज तेच काढे जिभेनं, टाळूले जीभ लावून टक् टक् टक् टक्. घोडा दूर गेला का हळू, हळू, बारीक, मंग बंद. मंग ते थांबे. सगळ्या बाया थांबत. अन् मंग एकदम बारीक, दुरून, टक्... टक्... अन् जोरात, अन् आणखी जोरात. "आला वापस," आत्याबाई म्हणे. "आपल्या मायले सांगाले गेलता. उठा आता, झाडूवाली आली."

तवा कुठं बाया ओचे झटकत उठत. पुरुष कवाचे निघून गेलते. त्यायचा पिच्चर संपला होता, आमचा नाई.

सातवीनंतर माही शाळा सुटली, मंग लग्न झालं, पिपरी मेघेले आली. नवीन नवीन होतं तवा यायनं मले वर्ध्यात रविवारचा इंग्रजी पिच्चर दाखवाले नेलं. हे एक वर्ष कॉलेजात गेले हायत. मधातल्या खुर्च्या, पडदा एकदम पुढं. बाप्पा, सगळे इंग्रज जाडे दिसले मले! अन् तोच टोपीवाला. मी आनंदानं यायचा हात धरला, "जवाई!" म्हणली. हे चमकले. मंग आपले समजावाले लागले मले, हा या गावचा नाई, हिचा याचा काई संबंध नाई, ते विधवा हाय, हा कोणी उनाड माणूस हाय. शेवटी घोडा चालला. दिवे लागले. हे उठले.

"बसा ना," म्या म्हणलं.

"संपला पिच्चर."

"वापस येते ना तो."

"कोण येते? गेला तो. तसाच असते. त्याले घर नाई, तो मोकळा माणूस हाय, तेच तं त्याच्यात हाय ना." अन् असे हासले माह्यावर, प्रेमानंच हासले, पण मी यायचा हात सोडला. मले वाटलं कोणं तरी माह्या घरचं माणूस मारलं. मोकळा माणूस म्हणे! त्याच्यात का हुशारी? जाणं तं कोणालेबी जमते, घोडा पाह्यजे फक्त.

आत्याबाई चाबी घेऊन आली. मागून चौकीदार, कुरकुर करत, "बाई, आत उंदीर हायत, लेकराले नका नेऊ."

"उंदीर तवाबी होते," आत्याबाई म्हणे. "अन् तेबी फुकट पाहत पिच्चर."

दार उघडलं. आत पोतेच पोते. खुर्च्या कोणी काढून नेल्या, फळी नाई, पडदा नाई. पडदा होता तिथं भिंत जराशी उजळ दिसते, एवढा मोठा चौकोन. वरच्या पत्र्याच्या भोकातून उन्हाच्या काड्या येत होत्या अन् त्याच्यात कापसाचे तंतू फिरत होते, तवा मशिनीच्या उजेडात फिरत तसेच. मी तं उभीच राह्यली. आत्याबाई एका पोत्यावर बसली, उलटी, भिंतीकडं पाठ करून, जसं बसत होती. बबीले समोरच्या पोत्यावर बसवलं.

"बबी, आई म्हण," मी सवयीनं म्हणली.

"तू थांब वं जराशी!" आत्याबाई खेकसली. "जवा पाहावं तवा आई म्हण, आई म्हण. मास्तरीण हायस का? लेकरू हाय का पोपट हाय? मले तं तू एखाद्या वेळी म्हणलीस तशी, तं मीबी बोलणं सोडून देईन."

अन् ते सांगाले लागली. टोपीवाल्याचा पिच्चर. तेच गाव, तीच पांढरी, सासरचा जाच, वाईट लोकं, बंदुका. बबी पाहून राह्यली आत्याबाईच्या तोंडाकडं. मी मागं उभी, पोत्याले टेकून. अन् घोडा आला, टक् टक् टक् टक्, अन् सगळे मेले, अन् घोडा चालला, हळू, हळू, बारीक. बंद.

"अन् मंग," आत्याबाई म्हणे, "आला वापस."

मले का झालं मले माहीत नाई. एवढे दिवस दाबलेलं होतं.

"नाई आला आत्याबाई."

"आला."

"नाई येत तो! यायनं सांगतलं मले. पिच्चरमधी नाई हाय तसं. तुमी मनचं सांगत होत्या."

"तुह्या नवऱ्याले का माहीत? तो का त्याच्या घरचा हाय?"

"इंग्रजी समजते यायले!"

"समजते तं विचार ना त्याले, काऊन गेला तो सांगते का. नाई सांगत. मी सांगतो. मायले सांगाले गेलता."

"कोणती माय आत्याबाई! माय नाई दाखवली कुठं! गेला म्हणजे गेला! दिवाळीले येते म्हणतात अन् लेकरू दिवाळीलोक ओळखत नाई मायले, असं होते! तुमाले का, तुमी तोंडानं टक् टक् केलं का झालं, आला वापस! उद्या बबीले नेतीन तवा काढा तो घोडा! काढा ना!"

माहा आवाज पत्र्याले लागून वापस आला. आत्याबाईनं पदर तोंडाले लावला. चौकीदार दारात विडी पेटवता पेटवता तसाच थांबला.

अन् टक्.

दुरून आल्यावानी. बारीक.

टक्... टक्.

मी रागानं आत्याबाईकडं पाह्यलं. आता तरी बस कर ना माय. आत्याबाईच्या तोंडावरचा पदर खाली पडला होता, तोंड उघडं होतं, अन् जीभ हालत नव्हती.

टक्. टक्. टक् टक् टक् टक्, अन् जोरात, अन् आणखी जोरात. बबीनं दोन्ही हातानं पोत्याचे कान धरले होते लगाम धरल्यावानी, अन् जीभ टाळूले लावून, ओठ ओले, डोळे आत्याबाईवर, ते घोडा वापस आणून राह्यली होती. हळूपासून जोरात. बरोबर तसाच. गेलेला नाई, येणारा.

"आत घोडा कुठून आला?" चौकीदार म्हणे.

म्या तिले उचललं, पप्प्या घेतल्या, हलवली, "आणखी कर बबी, कर, आई म्हण, आता आई म्हण!" अन् ते एकदम चूप. माह्याकडं तसंच पाहाले लागली. तीन वर्स मी हात जोडून राह्यली, आ म्हण, नुसतं आ म्हण, अन् पह्यल्यांदा तोंड उघडलं तं घोड्यासाठी! भांडणात पडली, अन् तेबी आत्याबाईच्या बाजूनं! मले एवढा राग आला, एवढा राग आला, का मी रडाले लागली. आत्याबाई उठली, ओचा झटकला, ओच्यात काही नव्हतं तरी झटकला, अन् म्हणे, "चाला. झाडूवाली आली."

संध्याकाळच्या मोटारीनं मी निघाली. आत्याबाई स्टँडवर आलती, काही शिकवलं नाई, काही सांगतलं नाई, फक्त खिडकीतून कापसाचा एक बोळा बबीच्या हातात देला, "जवायाले सांगजो, मीच बरोबर होतो," एवढंच म्हणाली. मोटार सुटली. स्टेशनच्या त्या बायावानी माहे डोळे भरले, पण मी बोलली, खिडकीतून मुंडकं काढून बोलली, "सांगतो आत्याबाई!" म्हणून ओरडली, अन् माह्याच तोंडून 'सांगतो' निघालं.

वणा नदी ओलांडली अन् बबीनं सुरू केलं. टक् टक्. म्या तिकडं पाह्यलंच नाई. श्वास धरून बसली, पाह्यलं तं बंद करन. टक् टक् टक्. मोटार हळू झाली का घोडा हळू, मोटार पळाली का घोडा पळते. मधात तिनं माहा कान ओढला, पाणी पेली, अन् पुन्हा. सगळी मोटार ऐकून राह्यली होती. एक बाई हासली. मागं एक पागोटेवाले बुढेबुवा झोपले होते, त्यायची झोप मोडली दोन-चारदा, शेवटी पुढं वाकले, चिडून म्हणे, "अवो बाई, किती टकटक! चूप करा ना त्या पोरीले!"

चूप करा. माह्या पोरीले.

मी त्यायच्याकडं वळून पाहतच राह्यली. सासरी, माहेरी, दवाखान्यात, तीन वर्स झाले, हे कोणी मले म्हणलं नव्हतं. मले वाटलं त्या बुढ्याचे पाय धरावं. बाकी बाया हेच ऐकून ऐकून कंटाळतात, चूप कर ना लेकराले, चूप कर.

"नाई करत," म्या म्हणलं.

आता हे लिहून राह्यली तं बबी झोपली हाय, हातात कापूस. वाती नाई, नुसता चुरगाळलेला, घामानं ओला. यायले सगळं सांगतलं, हे 'पाहू' नाई म्हणले, हळूच विचारलं, "वापस आल्याचाच आवाज होता?" म्या म्हणलं, हाव. उद्या भासरे येतीन, तयारीनं येतीन, बूट वाजवत येतीन. मी दारात उभी राहीन. तार आली नाई का आली, मी बेहोश होणार नाई, अन् डोळे भरून नुसती पाहणारबी नाई. भासऱ्यापुढं मी आजलोक तोंड उघडलं नाई, पदर घेतला अन् आत गेली. उद्या बोलन. म्हणन, दादाजी, चहा पुरा घ्या, बसा, अन् नागपूरची जागा दुसऱ्या लेकराले द्या. माही पोरगी बोलते. थोडं घोड्याचं बोलते, पण बोलते.